साठी, बुद्धी आणि मेंदू

आमच्या आळीत एक काकी राहतात. वय ऐंशीच्या घरात. हातपाय धड, नजर बरी, आणि जीभ तर फारच धड. कोणाची शेळी कधी व्याली, कोणाकडे दिलेले पायलीभर जोंधळे अजून परत आले नाहीत, हे सगळे त्यांना तोंडपाठ.

एके दिवशी गोठ्यात शिरताना काकींचे डोके चौकटीला आपटले. टेंगूळ आले. सुनेने हळद लावली. दोन दिवसांत टेंगूळ बसले आणि ती गोष्ट सगळे विसरले. काकीही विसरल्या.

महिनाभराने काकी बदलल्या. दिवसाढवळ्या झोपू लागल्या. मुलाला आपल्या भावाच्या नावाने हाक मारू लागल्या. डोके दुखते म्हणत. चालताना डावा पाय घासू लागला. चुलीवर दूध ठेवत आणि ते उतू गेले तरी समोर बसून राहत.

त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. तो एका संध्याकाळी आला आणि म्हणाला, "गुरुजी, आईचं काही खरं दिसत नाही. काय करावं?"

मी म्हणालो, "अरे, वय झालं. साठी बुद्धी नाठी म्हणतात. इथं तर ऐंशी आली. जरा सांभाळून घ्या."

मी चुकलो. चांगलाच चुकलो. कसा, ते पुढे सांगतो. पण ती चूक कळायची असेल, तर मेंदू म्हणजे काय आणि वय वाढते तसा त्याचा आकार कसा बदलतो, हे आधी नीट पाहिले पाहिजे. मीही ते काकींच्या प्रकरणानंतरच नीट वाचले. त्याआधी शाळेत मुलांना सांगत होतो खरा, पण पुस्तकात होते तेवढेच.

मेंदू असतो कसा?

बकऱ्याचा भेजा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पांढरट, मऊ, वर वळ्या-वळ्या. माणसाचा मेंदू तसाच, पण खूप मोठा. अक्रोड फोडला की आतला गर कसा दिसतो? दोन अर्धे, मध्ये फट, आणि वर वळ्या व खाचा. मेंदूही तसाच दिसतो.

मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन १२०० ते १४०० ग्रॅम भरते. जुन्या मापाने दीड शेराच्या आतबाहेर. बायकांचा मेंदू थोडा हलका असतो, कारण त्यांचे शरीरच थोडे लहान असते. यावरून कोणी अक्कल मोजू नये.

शरीराच्या वजनात मेंदू शेकडा दोन. पण खायला मात्र जबर! शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्याचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. पन्नास माणसांच्या पंगतीत एकाच माणसाने दहा जणांचे जेवावे, तसे हे झाले.

मेंदू पेशींचा बनलेला असतो. पेशी म्हणजे शरीराचा अगदी बारीक कण, डोळ्यांना न दिसणारा. निरोप नेण्याआणण्याचे काम करणाऱ्या मेंदूतल्या पेशी किती असतील? २००९ साली ब्राझील देशातल्या शास्त्रज्ञांनी नव्या रीतीने मोजणी केली. आकडा आला सुमारे ८६०० कोटी. प्रत्येक पेशीला झाडासारख्या फांद्या असतात, आणि एकीच्या फांद्या दुसरीच्या फांद्यांजवळ जाऊन निरोप देतात.

या पेशींची गर्दी मेंदूच्या वरच्या सालीत असते. ही साल करड्या रंगाची असते. तिची जाडी किती? दोन ते चार मिलिमीटर. जाड पुठ्ठ्याएवढी म्हणा. आपण वाचतो, बोलतो, हिशेब करतो, त्यात या सालीचा मोठा वाटा आहे. सालीच्या आत पांढरा भाग असतो. तो म्हणजे निरोप नेणाऱ्या तारा. विजेच्या तारेवर जसे वेष्टण असते, तसे या तारांवर चरबीचे वेष्टण असते. म्हणून तो भाग पांढरा दिसतो.

आणि अगदी मध्यभागी पोकळ्या असतात. त्यांत स्वच्छ पाणी असते. तेच पाणी मेंदूच्या बाहेरून, कवटीच्या आतूनही फिरते. सगळे मिळून सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे लहानसा पेलाभर. मेंदू या पाण्यात तरंगत असतो. म्हणून आपण धावलो, उडी मारली, तरी तो कवटीवर आदळत नाही. हे पाणी ध्यानात ठेवा. काकींच्या गोष्टीत त्याचे काम आहे.

जिवंत माणसाचा मेंदू मोजायचा कसा?

पूर्वी मेंदू पाहायचा तर माणूस मरावा लागे. पॅरिस शहरात पॉल ब्रोका नावाचे डॉक्टर होऊन गेले. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी त्यांनी मेलेल्या माणसांचे पुष्कळ मेंदू तराजूत घालून तोलले. म्हाताऱ्यांचे मेंदू तरुणांपेक्षा हलके भरतात, हे तेव्हाच्या लोकांनाही ठाऊक होते. पण मेलेल्या माणसाचा मेंदू एकदाच तोलता येतो. तो माणूस तिशीत असताना त्याचा मेंदू केवढा होता, हे कसे कळणार?

मग यंत्रे आली. १९७१ साली इंग्लंडात गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनियराच्या यंत्राने पहिल्यांदा रोग्याच्या डोक्याचा आतला फोटो निघाला. त्यालाच आज आपण सीटी स्कॅन म्हणतो. त्यानंतर एमआरआय आला. हे यंत्र म्हणजे मोठे थोरले लोहचुंबक. माणसाला त्याच्या पोकळीत निजवतात. यंत्र खडखड आवाज करते, पण दुखत नाही, आणि त्यात क्ष-किरणही नसतात. त्यामुळे एकाच माणसाचा फोटो वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा काढता येतो.

यंत्र एकच फोटो काढत नाही. बटाट्याच्या काचऱ्या कराव्या, तशा मेंदूच्या पातळ पातळ काचऱ्यांचे फोटो निघतात. मेंदू मात्र कापला जात नाही! प्रत्येक काचरीत करडा भाग किती, पांढरा किती, पाणी किती, हे संगणक मोजतो. सगळ्या काचऱ्यांची बेरीज केली की मेंदूचे माप मिळते.

एका माणसाचे माप कळले, तरी ते योग्य की कमी हे कशावरून ठरवायचे? अंगणवाडीत ताई बाळाचे वजन करतात आणि तक्त्यावर ठिपका मांडतात, हे तुम्ही पाहिले असेल. त्या तक्त्यावर आधीच रेघा छापलेल्या असतात. त्या रेघा कुठून आल्या? हजारो मुलांची वजने घेऊन, अमुक वयाला बहुतेक मुलांचे वजन अमुक ते अमुक असते, हे काढले. मेंदूचाही असाच तक्ता करावा, असे शास्त्रज्ञांनी ठरवले.

२०२२ साली असा मोठा तक्ता प्रसिद्ध झाला. इंग्लंडातील केंब्रिज आणि अमेरिकेतील फिलाडेल्फिया इथल्या विद्यापीठांतल्या लोकांनी त्यात पुढाकार घेतला. लहानमोठी अशी १,०१,४५७ माणसे, आणि त्यांच्या मेंदूंचे १,२३,९८४ फोटो! आईच्या पोटातल्या बाळापासून शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत. त्यातले पुष्कळसे फोटो युरोप-अमेरिकेतल्या माणसांचे आहेत, आपल्याकडचे कमी. ही उणीव आहे, आणि तक्ता करणाऱ्यांनीही ती मान्य केली आहे.

एक फसवी गोष्ट

इथे थोडे थांबू. तुमच्या गावातल्या ऐंशीच्या म्हाताऱ्यांची आणि विशीतल्या पोरांची उंची मोजा. म्हातारे दोन-तीन बोटे कमी भरतील. मग वयाने माणूस दोन-तीन बोटे खुजा होतो, असे म्हणायचे का? थोडा होतो, कारण पाठीचा कणा दबतो. पण सगळा फरक वयाचा नाही. ते म्हातारे लहान असताना त्यांना पोटभर खायलाच मिळाले नव्हते. ते मुळात कमीच वाढले. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला, त्यांना हे सांगायला नको.

मेंदूचेही तसेच. आजच्या म्हाताऱ्याची तुलना आजच्या तरुणाशी केली, तर वयाच्या माथी नको तेवढा दोष येतो. यावर उपाय दोन. एक म्हणजे त्याच माणसाला पुन्हा पुन्हा मोजायचे. दुसरा, त्याच्या मेंदूची तुलना त्याच्याच कवटीशी करायची. पाण्याचा हंडा ओसरला, तरी पाणी कुठपर्यंत होते त्याची रेघ आत राहते. कवटी ही तशी रेघ आहे. मेंदू ओसरला तरी कवटी तेवढीच राहते.

अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात वॉर्नर शाय नावाच्या अभ्यासकांनी १९५६ साली अशीच एक पाहणी सुरू केली. तीत मेंदूचे फोटो नव्हते, बुद्धीची परीक्षा होती. दर सात वर्षांनी त्याच त्या माणसांची परीक्षा घ्यायची, असे कित्येक वर्षे चालले. काय दिसले? झटपट काम उरकण्याचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू कमी होतो. पण शब्दांचे ज्ञान, बोललेल्याचा अर्थ लावणे, यांत माणूस पन्नाशी-साठीपर्यंत चढताच राहतो. खरी उतरण त्यानंतर लागते, आणि तीही सगळ्यांना सारखी नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तरुण शिक्षक माझ्याआधी पाढा म्हणून दाखवत. पण पालक भांडायला आला की मलाच पुढे करत.

वयाबरोबर काय बदलते?

आता तक्ता काय सांगतो ते पाहू. करडा भाग सर्वांत जास्त केव्हा असतो? ऐकून नवल वाटेल. सुमारे सहाव्या वर्षी! तिथून तो हळूहळू कमीच होतो. म्हणजे सहा वर्षांचे पोर सर्वांत शहाणे, असे नव्हे. माळी फांद्या छाटून झाडाला वळण देतो, तसा मेंदू नको असलेले जोड काढून टाकतो. पांढरा भाग, म्हणजे तारांचा भाग, पुष्कळ उशिरापर्यंत वाढतो. तो सुमारे २९ व्या वर्षी सर्वांत जास्त असतो.

पस्तिशीनंतर सगळा मेंदूच हळूहळू आक्रसू लागतो. आधी फार थोडा, वर्षाला हजारात दोन भाग. साठीच्या सुमारास हजारात पाच, आणि पुढे आणखी थोडा जास्त. १३०० ग्रॅमच्या मेंदूतले हजारात पाच म्हणजे वर्षाला सहा-सात ग्रॅम. एका वर्षात कोणाला कळणारही नाही. पण वीस वर्षांत फोटोत साफ दिसते.

फोटोत काय दिसते? वरची करडी साल पातळ होते. वळ्या बारीक होतात आणि त्यांच्यामधल्या खाचा रुंदावतात. वाळत चाललेला अक्रोडाचा गर डोळ्यांपुढे आणा. मधल्या पोकळ्या मोठ्या होतात, आणि साठीनंतर तर झपाट्याने मोठ्या होतात. मेंदूने सोडलेली जागा पाणी भरून काढते. मेंदू आणि कवटी यांच्यामधली फटही वाढते.

पावसाने बांध सगळीकडे सारखा खचत नाही, तसा मेंदूही सगळीकडे सारखा आक्रसत नाही. कपाळामागचा भाग जास्त आक्रसतो. बेत आखणे, एका वेळी दोन कामे सांभाळणे, ही त्या भागाची कामे. कानशिलाच्या आत, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग आहे. त्याचा आकार समुद्रातल्या घोडामाशासारखा, म्हणून हे नाव. नवी गोष्ट ध्यानात ठेवणे हे त्याचे काम. तोही म्हातारपणी बराच आक्रसतो. डोक्याच्या मागच्या बाजूचा, डोळ्यांनी पाहिलेले ओळखणारा भाग मात्र पुष्कळ टिकून राहतो.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पेशी भराभर मरतात तर! पूर्वी शास्त्रज्ञही असेच म्हणत. पण डेन्मार्क देशात नीट मोजणी झाली, तिचा निकाल १९९७ साली आला. विसाव्या वर्षापासून नव्वदाव्या वर्षापर्यंत मेंदूच्या सालीतल्या पेशी फक्त शेकडा दहाच्या आसपास कमी होतात. मग मेंदू आक्रसतो तो कशाने? पेशी लहान होतात, त्यांच्या फांद्या आखूड होतात, तारांवरचे वेष्टण झिजते. खोड उभेच असते, पालवी कमी होते.

म्हणून साठीला नाव आठवायला उशीर लागतो. चष्मा ठेवला कुठे ते सापडत नाही. माझे रोज होते. ज्या मुलांना चार वर्षे शिकवले, त्यांतला एखादा समोर येतो, पाया पडतो, आणि त्याचे नाव काही केल्या ओठावर येत नाही. तो निघून गेला की दहा मिनिटांनी आठवते. हे साधे वय. यात घाबरण्यासारखे काही नाही.

आजार वेगळा. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे निराळे, आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे निराळे. आपल्याच घरची वाट चुकणे, पैशांचा साधा व्यवहार न जमणे, पोटच्या मुलांना न ओळखणे, हे वयाने होत नाही. तो स्मृतिभ्रंशाचा रोग. त्याचा एक मोठा प्रकार जर्मनीतल्या आल्झायमर या डॉक्टरांनी १९०६ साली डॉक्टरांच्या सभेत मांडला. त्यांची ती रोगी बाई दवाखान्यात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. साठी अजून लांब होती!

आणखी एक मौज सांगतो. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली ख्रिस्ती जोगिणींची पाहणी सुरू केली. ६७८ जोगिणी तीत आल्या. सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. मेल्यावर आपला मेंदू तपासावा, अशी परवानगी त्यांनी दिली होती. तपासल्यावर काही मेंदू रोगाने पोखरलेले निघाले, पण त्या बाया शेवटपर्यंत चांगल्या शुद्धीत, कामात होत्या. तेव्हा मेंदूचा आकार आणि माणसाची बुद्धी यांचा मेळ प्रत्येक वेळी बसतोच, असे नाही. ज्याने आयुष्यभर डोके वापरले, त्याच्या गाठीला काही शिल्लक असते, असे शास्त्रज्ञ मानतात.

तुमच्या-आमच्या कामाची एक पाहणी

मोठेपणी शिकून मेंदूत काही फरक पडतो का? हा प्रश्न तुम्हांला नक्की पडत असेल. वर्गाला निघालेल्या माणसाला ओट्यावर बसलेले लोक म्हणतातच, "आता काय शिकून कलेक्टर होणार का?"

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथे बंडखोर जंगलात राहून सरकारशी लढत. त्यांतल्या काहींनी शस्त्रे खाली ठेवली आणि ते गावात राहायला आले. लहानपणी त्यांना शाळा मिळाली नव्हती. ते मोठेपणी लिहायला-वाचायला शिकले. शिकलेले २० आणि अजून न शिकलेले २२, असे सारख्या परिस्थितीतले लोक घेऊन त्यांच्या मेंदूंचे फोटो काढले. २००९ साली निकाल छापून आला. शिकलेल्यांच्या मेंदूत, मागच्या बाजूला, करडा भाग काही ठिकाणी जास्त भरला. मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा तारांचा पूल असतो. तोही मागच्या बाजूला जास्त भरीव होता. अक्षर डोळ्यांनी पाहायचे, त्याचा आवाज मनात उमटवायचा, अर्थ लावायचा. या कामाला ज्या भागांची गरज, नेमके तेच भाग.

आपल्या देशातही अशी पाहणी झाली. उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांत काही अडाणी माणसांना सहा महिने वाचायला शिकवले, आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूंचे फोटो काढले. लिपी कोणती? हीच, जी तुम्ही आत्ता वाचत आहात. त्यांचे सरासरी वय तिशीच्या आसपास होते. २०१७ साली तिचा निकाल आला. डोळ्यांकडून आलेली खबर पुढे पोचवणारे मेंदूतले खोलवरचे भाग आणि वरची साल यांचा मेळ शिकल्यावर जास्त चांगला बसला, असे दिसले. माणसे थोडी होती, तेव्हा एवढ्यावरून फार मोठे बोलू नये. पण तिशीतला मेंदू म्हणजे वाळलेली माती नव्हे, एवढे तर खरे.

चालण्याचीही एक पाहणी आहे. ५५ ते ८० वर्षांच्या १२० माणसांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ४० मिनिटे झपझप चालला. दुसऱ्याने नुसते हातपाय ताणण्याचे व्यायाम केले. वर्षाने पहिल्या गटाचा हिप्पोकॅम्पस शेकडा दोन वाढला, दुसऱ्याचा शेकडा दीडच्या आसपास घटला. हे २०११ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या सगळ्याच पाहण्यांत एवढा फायदा दिसला नाही. तरी चालण्याने रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, हे पक्के आहे. आणि रक्तदाब वाढलेला राहिला की मेंदूच्या बारीक शिरा खराब होतात, हेही पक्के. तंबाखू, दारू आणि साखरेचा आजार यांचेही तेच. ऐकू कमी येणे हेदेखील स्मृतिभ्रंशाच्या कारणांत मोडते. माणूस ऐकू येत नाही म्हणून बोलेनासा होतो, एका कोपऱ्यात बसतो, आणि मेंदूला काम उरत नाही. म्हाताऱ्याला कानाचे यंत्र घ्यायला आपण कचरतो. खर्च आहेच, पण लाजही असते.

काकींचे काय झाले?

मी "वय झालं" असे सांगितल्यावर आठ-दहा दिवस गेले. काकी आता उठायलाच कंटाळत. एके दिवशी आशाताई रक्तदाब पाहायला आल्या. त्यांनी काकींना दोन्ही हात वर करायला सांगितले. डावा हात खाली खाली येऊ लागला. आशाताईंनी विचारले, "आजी मागं कधी पडल्या होत्या का? डोक्याला काही लागलं होतं?"

सगळे म्हणाले, "नाही बुवा."

नातू कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "गोठ्याची चौकट लागली होती की! केवढं टेंगूळ आलं होतं."

आशाताई म्हणाल्या, "आजच्या आज न्या."

जिल्ह्याच्या गावी नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन काढला. उजव्या बाजूला, कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साठले होते. त्याने मेंदू दाबला होता. उजवा मेंदू शरीराची डावी बाजू चालवतो, म्हणून डावा पाय घासत होता. डॉक्टरांनी कवटीला लहान भोके पाडून ते रक्त काढले. मुलगा सांगत होता, रक्त लाल नव्हतेच. इंजिनातल्या जुन्या तेलासारखे काळपट होते. चौथ्या दिवशी काकींनी मुलाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारली आणि म्हशीला वैरण कोण घालते, असे विचारले.

एवढ्याशा टोल्याने हे कसे झाले? आता तुम्हीच सांगू शकाल. मेंदू वयाने आक्रसतो. त्याच्या आणि कवटीच्या मधली फट वाढते. मेंदूवरून कवटीच्या आतल्या पडद्याकडे बारीक शिरा गेलेल्या असतात. मेंदू मागे सरला की त्या ताणल्या जातात. सैल दोर झटक्याने तुटत नाही, ताणलेला तुटतो. तरुणाला ज्या टोल्याने नुसते टेंगूळ येते, त्याने म्हाताऱ्याची शीर आतून फाटू शकते. रक्त थेंब थेंब झिरपते. आत मोकळी जागा असते, म्हणून मेंदूवर दाब लगेच येत नाही. दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस जातात. तोवर टोला लागला होता हेच कोणाच्या ध्यानात राहत नाही. आणि मग माझ्यासारखा शहाणा म्हणतो, वय झाले.

तेव्हा फरक ओळखायचा तो असा. वयाचा विसर वर्षानुवर्षे, कणाकणाने वाढतो. चार दिवसांत किंवा चार आठवड्यांत माणूस बदलला, तर ते वय नव्हे. सारखी झोप, वाढती डोकेदुखी, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, भलतेच बरळणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. मात्र तोंड अचानक वाकडे झाले, हात-पाय एकदम गेला किंवा बोलणे एकदम बंद झाले, तर तासाचाही उशीर नको. तो लकवा असू शकतो आणि त्याचे औषध पहिल्या काही तासांतच चालते. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी.

प्रत्येक वेळी डोक्यात रक्तच असते असे नाही. लघवीच्या जागी जंतू झाले, ताप मुरला, अंगातले मीठ कमी झाले, थायरॉइड बिघडले, बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले, झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या, तरी म्हातारे माणूस भ्रमिष्टासारखे वागते. मन खचले तरी वागते. यांतल्या बहुतेकांवर औषध आहे.

डॉक्टरांपुढे गेल्यावर तीन गोष्टी त्यांनी विचारायची वाट न पाहता सांगाव्या. गेल्या दोन-तीन महिन्यांत पडणे, आपटणे झाले होते का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? काकींना ती हृदयासाठी चालू होती, आणि त्या गोळीने असे झिरपणे लवकर थांबत नाही. पण म्हणून ती गोळी घरच्या घरी बंद करू नये, डॉक्टरच ठरवतील. आणि तिसरी, दारूची सवय आहे का? हे सांगायला घरचे लोक लाजतात. लाजू नये.

काकी आता बऱ्या आहेत. डावा पाय अजून किंचित ओढतात. मुलाने गोठ्याची चौकट काढून वीतभर उंच बसवून घेतली. काकी मात्र अजून वाकूनच आत जातात.